संगणकातील तात्पुरता साठा

लिनक्स प्रणालीच्या संगणकात ‘टीएमपी’ नावाचे एक सामाईक फोल्डर असते. चालू कामासाठी लागणाऱ्या तात्पुरत्या फाइली तेथे साठतात. तेथे कोणालाही लिहिता येते, परंतु सामान्य वापरकर्त्यास दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही. अनेक प्रणालींत हे फोल्डर रॅममध्येच असते. म्हणून वीज जाताच त्यातील सर्व काही नाहीसे होते. ‘व्हार’मधील ‘टीएमपी’ संगणक बंद झाल्यावरही टिकते. मात्र ‘सिस्टमडी’च्या मूळ नियमानुसार पहिल्यातील १० दिवस आणि दुसऱ्यातील ३० दिवस न वापरलेल्या फाइली आपोआप पुसल्या जातात. ही स्वच्छता आवश्यकच आहे. जागा भरली तर काम अडते. म्हणून शिंदखेड्यातील विद्यार्थ्याने परिश्रमपूर्वक केलेला प्रकल्प स्वतःच्या ‘होम’ फोल्डरमध्ये जतन करावा व त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. पालकांनी हा भेद मुलांना अवश्य समजावून द्यावा.