पद्मपाणी : भिंतीवरचा आणि कॅलेंडरवरचा

भोकरला आमच्या घरच्या ओसरीवर एका जुन्या कॅलेंडरचे चित्र वर्षानुवर्षे टांगलेले होते. हातात निळे कमळ, मान किंचित कललेली, पापण्या खाली झुकलेल्या. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील हा बोधिसत्त्व पद्मपाणी. वर्ष संपले, तारखांचे कागद फाटून गेले, तरी आईने ते चित्र काही काढू दिले नाही.

पुढे मी पदार्थविज्ञान शिकवू लागलो आणि एकदा विद्यार्थ्यांची सहल घेऊन अजिंठ्याला गेलो. रात्रभर एसटीत अवघडून बसलेली आमची मुले भर उन्हातून पहिल्या लेण्यात शिरली. आत अंधार. थोड्या वेळाने भिंतीवर एक मळकट, तपकिरी आकृती दिसू लागली. जागोजागी गिलावा निघालेला. एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, कॅलेंडरवरचा यापेक्षा छान होता की! मग एवढ्या लांब कशाला आलो?"

मुले हसली. मला मात्र उत्तर सुचले नाही. प्रश्न खरोखरच विचार करण्यासारखा होता. नक्कल सुबक असेल, तर अस्सल पाहण्याची गरज काय?

नक्कल करताना काय सुटते?

आधी रंगाचा विचार करू. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात. त्यामुळे दोन निरनिराळी रंगद्रव्ये एका प्रकाशात अगदी सारखी दिसू शकतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळी. कापडाच्या दुकानात साडीला जुळणारे ब्लाउजपीस निवडताना तुमची आई ते उन्हात नेऊन का पाहते, याचे कारण हेच. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, पांढरी माती, काजळी, हिरवा दगड आणि अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द हा निळा दगड वापरला. कॅलेंडर छापणारा मात्र निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चारच शायांवर सारे भागवतो. एका दिव्याखाली तो रंग जुळवील. प्रत्येक दिव्याखाली तो जुळेलच असे नाही.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. एक सोपा प्रयोग करा. मातीने लिंपलेल्या भिंतीवर बॅटरीचा झोत बाजूने, तिरपा टाका. उंचवट्यांच्या सावल्या दिसतील आणि बॅटरी हलवली की त्याही हलतील. आता त्याच भिंतीच्या छायाचित्रावर झोत टाका. छायाचित्रातील सावल्या जागच्या हलणार नाहीत. मग एखादे छापील चित्र भिंगाखाली धरा. चेहऱ्याच्या जागी रंगीत ठिपकेच ठिपके दिसतील. नक्कल करणारा मूळ वस्तूतील काही माहिती निवडून उचलतो. बाकीची मागेच राहते.

नकलांची कहाणी

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली आणि पुढे त्यांच्या नकलांचा मोठा उद्योग सुरू झाला. मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून मोठमोठी तैलचित्रे केली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि त्यांतली मोजकीच वाचली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत काम करू लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांच्यापैकीच एक. या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या अनेक जळाल्या. १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद यांनी पुन्हा नकला केल्या. अजिंठा तेव्हा आमच्या भोकरप्रमाणेच निझामाच्या राज्यात होता. म्हणूनच हैदराबादच्या राज्य वस्तुसंग्रहालयात आजही अजिंठ्याच्या नकलांचे दालन आहे.

या कहाणीला दोन बाजू आहेत. ग्रिफिथ्स यांच्या वाचलेल्या नकला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. भिंतीवरून पुढे नाहीसे झालेले काही भाग त्यांत अजून पाहायला मिळतात. म्हणजे येथे नकलेने अस्सलाचा ठेवा जपला. पण रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळी मूळ चित्रांवरच व्हार्निश फासले गेले. व्हार्निश जुने झाले की पिवळे पडते आणि त्यावर धूळ बसते. १९२० नंतर निझाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी गिलावा पक्का केला, पण लाखेचा थर त्यांनीही दिला. आपण पाहिलेला तपकिरी रंग केवळ पंधराशे वर्षांच्या वयाचा नाही. चित्रांवर प्रेम करणाऱ्यांच्या हातांचाही त्यात वाटा आहे.

आपला श्वास

आणि आपण प्रेक्षक? स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ४० विद्यार्थी म्हणजे ४,००० वॅट, अर्थात १,००० वॅटच्या चार विजेच्या शेगड्या! श्वासातून आणि त्वचेतून ताशी ५० ग्रॅमच्या आसपास पाणीही हवेत जाते. आमची मुले अर्धा तास थांबली तेव्हा सुमारे एक लिटर पाणी लेण्याच्या हवेत सोडून आली. अजिंठ्याची चित्रे खडकावर दिलेल्या मातीच्या गिलाव्यावर आहेत. त्या मातीत धान्याचा भुसा आणि गवत मिसळलेले आहे. असा गिलावा ओल शोषून फुगतो, वाळला की आकसतो, आणि हे वारंवार झाले की खडकापासून सुटू लागतो.

फ्रान्समधील लास्को गुहेचे असेच झाले. १९४० मध्ये सापडलेली ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा प्रेक्षकांच्या गर्दीने शेवाळू लागली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. १९८३ मध्ये जवळच तिची हुबेहूब प्रतिकृती खुली झाली. अजिंठ्याच्या पायथ्याशीही २०१३ मध्ये १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती असलेले अभ्यागत केंद्र सुरू झाले. नकली लेणे हा सरकारी पैशांचा अपव्यय आहे, असे म्हणणाऱ्याने वरचे गणित एकदा स्वतः करून पाहावे.

त्या मुलाचे उत्तर

तर मग नक्कलच पुरेशी आहे का? नाही. सहलीच्या दिवशी पुढे काय झाले ते सांगतो. मी मुलांना म्हटले, "दहा मिनिटे बोलू नका, नुसते पाहा." उन्हातून अंधारात आल्यावर डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी पूर्ण जाग्या व्हायला साधारण एवढा वेळ लागतो. आपण मात्र दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे झालो होतो!

हळूहळू मुकुटाची नक्षी दिसू लागली, मग गळ्यातील मोत्यांची माळ. तोच मुलगा एक पाऊल बाजूला सरकला आणि म्हणाला, "सर, इथून बघा, गिलाव्यावरचे उंचसखल दिसतेय. हे कुणीतरी इथेच उभे राहून काढलेय." कॅलेंडर पाहून हे वाक्य त्याला सुचले नसते. चित्रकार जेथे उभा होता, तेथेच तो मुलगा उभा होता. ही गोष्ट कोणत्याही छापखान्याला कागदावर उतरवता येत नाही.

पण हेही खरे, की ओसरीवरचे ते कॅलेंडर नसते तर मी अजिंठ्याला गेलोच नसतो. नक्कल आपल्याला अस्सलाच्या वाटेला लावते आणि गर्दी होऊ लागली की अस्सलाचे रक्षणही करते. म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सहलीपूर्वी वर्गात चांगली छापील चित्रे दाखवा, बारकावे तेथेच निरखू द्या. मुले पाहून तयार झाली की लेण्यात लहान गटाने जा, फ्लॅश वापरू नका, भिंतीला हात लावू नका, आणि दहा मिनिटे शांत उभे राहा.

आईचे ते कॅलेंडर अजून आमच्याकडे आहे. निळे कमळ आता फिकट झाले आहे, कारण छपाईची शाई उन्हात टिकत नाही. भिंतीवरचा लाजवर्द अजून निळा आहे.