शॉकअप बदलताना काय जुळवायचे?

मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग गुंडाळलेली जी नळकांडी दिसतात त्यांना आपण शॉकॲब्सॉर्बर म्हणतो. गॅरेजमध्ये त्याचे 'शॉकअप' झाले आहे. हा भाग गावात असताना निकामी झाला तर फारसे बिघडत नाही, दुपारपर्यंत नवीन जोडी बसते. पण पुण्यामुंबईहून निघालेली मोटारसायकल मनाली-लेह रस्त्यावर असताना तो गेला तर? केलाँग मागे पडले की लेह जवळ येईपर्यंत मोठे गाव लागत नाही. अशा ठिकाणी दोन प्रश्न उभे राहतात. याच अवस्थेत पुढे जाता येईल का? आणि पुढच्या गावात मूळ शॉकअप न मिळता भलताच मिळाला, तर तो चालेल का? दोन्हींची उत्तरे शोधायला बारावीपर्यंतचे पदार्थविज्ञान बरेच उपयोगी पडते.

स्प्रिंग धक्का शोषून घेते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती धक्क्याची ऊर्जा क्षणभर साठवते आणि जवळजवळ सगळी परत करते. नुसत्या स्प्रिंगवर बसवलेली गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ वरखाली होत राहील. ऊर्जा खरोखर खर्च करते ते नळकांड्यातले तेल. आतला दट्ट्या सरकला की तेलाला बारीक छिद्रांतून जावे लागते, त्यात घर्षण होते आणि हालचालीची उष्णता बनते. यालाच अवमंदन म्हणतात. वर्गात हे दाखवणे सोपे आहे. स्प्रिंगला वजन टांगून त्याची दोलने आधी हवेत मोजावीत, मग वजन पाण्यात बुडवून आणि शेवटी ग्लिसरिनमध्ये बुडवून. स्प्रिंग तीच असूनही दोलनांची संख्या झपाट्याने कमी होते.

उष्णता किती निर्माण होत असेल? मागच्या चाकावर येणारा गाडी, माणसे व सामान यांचा भार १८० किलोग्रॅम धरू. हा भार ५ सेंटिमीटर खाली आला तर सुमारे ८८ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. खराब रस्त्यावर सेकंदाला असा एक धक्का बसला तर जवळजवळ ९० वॉट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका मोठ्या विजेच्या दिव्याइतकी उष्णता झाली. तिच्यातली थोडी टायरमध्ये जाते, बाकीची या दोन नळकांड्यांत. तेल तापले की पातळ होते आणि अवमंदन घटते. म्हणूनच लांब उतरणीच्या शेवटी गाडी सकाळपेक्षा जास्त उसळते.

निकामी होण्याचे नेहमीचे कारण मात्र धूळ. दट्ट्याच्या चकचकीत दांड्यावर कण बसतात, ओरखडे पडतात, रबरी सील कापली जाते आणि तेल झिरपू लागते. विरळ हवेला दोष देणारेही भेटतात. पाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या थोडा वर असतो हे खरे, पण उच्च दाबाचा वायू भरलेल्या शॉकअपमध्ये आत कित्येक वातावरणांचा दाब असतो. बाहेरचा अर्धा कमी झाल्याने त्याचे फारसे बिघडत नाही.

आमच्या दोन मोटारसायकलींपैकी एकीचा उजवा शॉकअप पांगच्या अलीकडे असा गळू लागला. सीट जोरात दाबून सोडली. ती एकदा वर येऊन थांबायला हवी होती, पण तीन वेळा हलली. स्प्रिंग शाबूत होती, त्यामुळे गाडी चालत होती. धोका वेगळाच होता. कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या ज्या लाटा उमटतात त्यांचे अंतर ७० सेंटिमीटर धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाने चाकाला सेकंदाला बारा धक्के बसतात. मोटारसायकलच्या चाकाची स्वतःची दोलन-वारंवारता साधारण दहा ते पंधराच्या दरम्यान असते. दोन्ही जुळल्या की अनुनाद होतो. अवमंदन नसलेले चाक जमिनीवर टिकतच नाही, आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? सामान एका ट्रकवाल्याच्या हवाली करून आम्ही ताशी वीसच्या आत राहिलो. या वेगाला सेकंदाला आठच धक्के बसतात.

लेहमध्ये आमच्या बनावटीचा शॉकअप नव्हता, दुसऱ्या गाडीची जोडी होती. आता खरे मोजमाप सुरू झाले. पहिली गोष्ट लांबी, म्हणजे वरच्या आणि खालच्या बोल्टच्या छिद्रांमधले अंतर. ती दोन सेंटिमीटरने जास्त असेल तर गाडीचा मागचा भाग तेवढाच उचलला जातो, पुढच्या फोर्कचा कल बदलतो आणि हँडल अस्थिर होते. कमी असेल तर खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो.

दुसरी गोष्ट स्प्रिंगचा ताठरपणा. तो मोजायला यंत्र लागत नाही. तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात आणि वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात तो बदलतो. ८ मिलिमीटरची तार, ५० मिलिमीटरचे वेटोळे आणि वीस मोकळे वेढे असले तर पोलादी स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला सुमारे १६ न्यूटन बल लागते. दोन स्प्रिंगांवर आपला १८० किलोग्रॅमचा भार साडेपाच सेंटिमीटर बसतो, हे ठीक आहे. तार ९ मिलिमीटरची निघाली तर नजरेला फरक जाणवतही नाही, पण ताठरपणा ६० टक्क्यांनी वाढतो! आम्हाला दाखवलेल्या पहिल्या जोडीची तार नेमकी अशी जाड होती. व्हर्नियर हाताशी होता म्हणून ते कळले. दुसरी जोडी जुळली.

बदलायचे ते नेहमी दोन्ही. एकीकडे नवे आणि दुसरीकडे थकलेले अवमंदन असेल तर चाक धरणाऱ्या चौकटीला प्रत्येक धक्क्यात पीळ बसतो. काम मात्र एकेका बाजूचे करावे. गाडी मेन स्टँडवर घेऊन एक बाजू सोडली की दुसरी चौकटीला जागेवर धरून ठेवते आणि छिद्रे जुळवायला झटापट करावी लागत नाही. खालच्या टोकाशी असलेले कडे फिरवल्याने स्प्रिंग 'कडक' होते असे मेकॅनिकही सांगतात. त्याने ताठरपणा बदलत नाही, स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहते आणि गाडी उंच बसते, एवढेच. सामान पुन्हा चढवल्यावर ते कडे दोन खाचा पुढे घ्यावे, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर चारही नट पान्याने तपासावेत.