निसरडी फरशी : कारणे व उपाय

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, सह्याद्रीलगतच्या गावांत, पावसाळ्यात कित्येक दिवस ऊन पडत नाही. अशा वेळी अंगण, विहिरीचा काठ व गोठा येथील फरशी निसरडी होते. ऐन भातलावणीत कर्ता माणूस घसरून जायबंदी झाला, तर हंगाम हातचा जातो. वृद्धाचे खुब्याचे हाड मोडले, तर तो पुन्हा पूर्वीसारखा चालेलच असे नाही. गाभण गाय मागील पाय फाकून पडली, तर गाय व वासरू दोन्ही गमावण्याची वेळ येते.

कारणे : गुळगुळीत दगडावर पाण्याचा पातळ थर साचतो व पाय दगडाला न टेकता त्या थरावरून सरकतो. सावली व ओल कायम राहिल्यास त्यावर शेवाळ धरते आणि निसरड अधिकच वाढते.

उपाय :

१. प्रथम पाणी काढून द्यावे. फरशीला दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर ढाळ असावा. पागोळ्या फरशीवर पडत असल्यास पन्हळ लावावी.

२. शेवाळ ताठ खराट्याने अगर ब्रशने खरवडावे. नंतर १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी पसरावे व पाव तासाने घासून धुवावे. तोपर्यंत जनावरे दूर बांधावीत. हे पाणी विहिरीत अगर ओढ्यात जाऊ देऊ नये. पावडरीत ॲसिड कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. शिवाय शहाबादी फरशी चुनखडीच्या जातीची असल्याने ॲसिडने झिजते.

३. जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावतात. त्याचप्रमाणे जाड काळ्या दगडाला पाथरवटाकडून टाकी मारून घ्यावी. शहाबादी फरशी पातळ असल्यास हलक्या हातानेच टाचे पाडावेत. अन्यथा ती तडकते.

४. नवे काँक्रीट थापीने घोटू नये. ओले असतानाच खराट्याने रेघा ओढाव्यात. गोठ्यात सुमारे १० सेंटिमीटर अंतरावर, १ सेंटिमीटर रुंद व तेवढ्याच खोल, शंकरपाळ्याच्या आकाराच्या तिरक्या खाचा पाडाव्यात. त्यांच्या कडा बोथट असाव्यात, म्हणजे खुरांना इजा होत नाही.

राख अगर माती टाकल्याने चिखल होऊन निसरड वाढते. तात्पुरती सोय म्हणून जाडी वाळू पसरावी.

ढाळ व टाकीचे काम ज्येष्ठापूर्वी उरकावे. शेवाळ मात्र श्रावणातील उघडिपीत पुन्हा एकदा काढावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातील एखादे अंगण या रीतीने करून दाखविल्यास इतरांना त्याचा उपयोग सहज पटेल.