किमतीची चिठ्ठी झाकल्यावर

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीच्या माथ्यावर कानस फिरवतो, तारेखालचा सुताचा दोरा किंचित सरकवतो आणि ऐकतो. दोरा केसभर हलला की आवाज मिटतो, परत जागेवर आला की खुलतो. हा मनाचा खेळ नव्हे. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे जे स्वरांश नियमाने उमटायला नकोत, तेही या रुंद घोडीमुळे ठळक उमटतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ सालीच दाखवून दिलं होतं. तेव्हा तयार कानाला बारीक फरक कळतो का, हा वादच नाही. वाद आहे तो त्याच कानाची शपथ घेऊन विकल्या जाणाऱ्या लाखमोलाच्या वायरींचा. नीरेच्या डाव्या कालव्यावरच्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात वीज येते ती डीपीतून, खांबांवरच्या ॲल्युमिनियमच्या तारांवरून, मग भिंतीतल्या साध्या वायरीतून. एवढा प्रवास करून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरच्या महागड्या पॉवर केबलमध्ये शिरते आणि गायकाचा आवाज ‘मखमली’ होतो, असा तो दावा आहे!

हा दावा करणारे बहुतेक जण खोटं बोलत नाहीत, आणि प्रकरण अवघड होतं ते इथेच. त्यांना फरक खरोखर जाणवतो. पण जाणवण्याची कारणं वायरीबाहेरही असतात. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज अर्ध्या डेसिबलने मोठा असला, तर तो मोठा वाटत नाही, ‘जास्त स्वच्छ’ वाटतो. म्हणून तुलनेआधी दोन्हींची पातळी मीटर लावून जुळवावी लागते. आवाजाच्या बारकाव्यांची आठवण काही सेकंदांतच पुसट होते, आणि वायर बदलायला तर मिनिटं जातात. त्या रिकाम्या जागेत मग किंमत, कंपनीचं नाव, विक्रेत्याचे शब्द येऊन बसतात. असाच दावा सीडीहून ‘उच्च दर्जाच्या’ ध्वनिमुद्रणाबद्दलही होतो. पण सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. माणसाला ऐकू येणाऱ्या २०,००० हर्ट्‌झच्या मर्यादेला ते पुरून उरतात, आणि ती मर्यादाही वयाबरोबर खाली येते.

उपाय सोपा आहे: काय वाजतंय ते झाकायचं. ‘अ’ ऐकवा, ‘ब’ ऐकवा, मग त्यांपैकीच एक ‘क्ष’ म्हणून ऐकवा आणि ओळखायला सांगा. बेल प्रयोगशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर यांनी अशा पद्धतीची मांडणी १९५० साली केली. सोळापैकी किमान बारा वेळा बरोबर ओळखलं, तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास; तेव्हा दाव्यात तथ्य असावं म्हणता येतं. मायर आणि मोरन यांनी २००७ साली अमेरिकेतला असा प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण थेट आणि तेच सीडीच्या दर्जातून गाळून, असे दोन पर्याय होते. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं निघाली २७६. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती.

महाराष्ट्राला हे गणित परकं नाही. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस पाठवल्या आणि कोणती कोणाची ते विचारलं. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली. त्यांतली बरोबर भरली ४६ टक्के. दावा ग्रहांचा असो की वायरीचा, परीक्षेची रीत एकच. नीरेच्या डाव्या कालव्यावरच्या या ऊसपट्ट्यात तर तिचं नवल वाटायलाच नको. इथे उसाचा दर कांडं चोखून ठरत नाही, साखर उताऱ्यावर ठरतो.

यावर पहिला आक्षेप असा की, परीक्षेच्या दडपणाखाली कान बिथरतो. घरी निवांत, महिनोन्‌महिने ऐकलं तरच फरक उलगडतो. तशीही परीक्षा झाली, कोणी न योजता. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या तबकड्या शुद्ध ॲनालॉग म्हणून नावाजल्या जात होत्या. त्यांतल्या अनेकांच्या निर्मितीत २०११ पासून एक डिजिटल टप्पा होता. ते उघड झालं २०२२ साली, तेही कोणाच्या कानामुळे नव्हे. एका दुकानदाराने तसं जाहीर म्हटलं आणि कंपनीच्या अभियंत्यांनी कबूल केलं म्हणून. तोवर रसिक आपापल्या घरी, आपल्याच यंत्रांवर त्या ऐकून डिजिटलला नावं ठेवत होते.

दुसरा आक्षेप, कलेला मोजपट्टी कसली लावता? पण सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने सुरांच्या जागा तारेवर मोजून बावीस श्रुतींवरचा ग्रंथ १९१० साली काढला होता. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, व्हायलाच हवे होते; मोजण्याने खाँसाहेबांचा सूर मात्र उणा झाला नाही.

तिसऱ्या आक्षेपात दम आहे: सगळ्याच चाचण्या शून्यावर येत नाहीत. जोशुआ राइस यांनी २०१६ साली अठरा प्रयोगांतले साडेबारा हजारांहून अधिक प्रयत्न एकत्र तपासले, तेव्हा उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण ओळखण्याचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. आधी सराव दिलेल्यांत ते साठच्या आसपास गेलं. म्हणजे काहीतरी असेलही. पण शंभरातल्या त्या दोन-अडीच उत्तरांवर ‘पडदा बाजूला झाला’ अशी भाषा उभी राहत नाही, आणि वायरीला तर या आकड्याचा आधारच नाही. तो ध्वनिमुद्रणाबद्दलचा आहे.

स्पीकरचं तसं नाही. त्यांच्यातले फरक पडद्याआडूनही ओळखू येतात, आणि खोलीचे त्याहून जास्त. उघड्या सिमेंटच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत आवाज घुमतो, शब्द एकमेकांत मिसळतात. तिथे जमिनीवर सतरंजी अंथरली आणि समोरच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगल्या, तर शब्द सुटे होतात. त्यासाठी गोधडीची किंमत कोणी सांगावी लागत नाही.