आधी शब्द, मग निवाडा

सीमेचा तंटा बळाने मिटवू नये, त्रयस्थाच्या हाती सोपवून पुराव्याने मिटवावा, हे तत्त्व तोंडाने सारेच मान्य करतात. कसोटी लागते ती निवाडा आपल्याविरुद्ध गेल्यावर. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना हा विषय परका नाही. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा सांगलीवरून कर्नाटकात उतरते. तिच्या पाण्याचा वाद लवादाने तोडला. त्याच सांगलीच्या जत तालुक्याची सीमा मात्र २०२२ साली पुन्हा वादात ओढली गेली. पाणी वाटले गेले, जमीन का वाटली जात नाही, याचा विचार शांतपणे होणे अगत्याचे आहे.

यासाठी कच्छच्या रणाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९६५ च्या एप्रिलात तेथे भारत व पाकिस्तान यांच्या सैन्यांत चकमकी झडल्या. ब्रिटनच्या मध्यस्थीने ३० जून रोजी करार झाला आणि तंटा तीन सदस्यांच्या लवादाकडे गेला. भारताने युगोस्लाव्हियाचे बेबलर यांना नेमले, पाकिस्तानने इराणचे एन्तेझाम यांना. अध्यक्ष स्वीडनचे न्यायाधीश लागरग्रेन होते. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी दोन विरुद्ध एक मतांनी निवाडा झाला. वादग्रस्त प्रदेशाचा सुमारे नव्वद टक्के भाग भारताकडे राहिला आणि छाडबेटासह उरलेला भाग पाकिस्तानकडे गेला. देशात संतापाची लाट उसळली, सत्याग्रह झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तरीही भारताने निवाडा पाळला. मधल्या काळात या दोन देशांत मोठे युद्ध होऊन गेले होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या शब्दपालनाचे मोल कळते.

त्याच सुमारास घरचा तंटा कोणत्या वाटेने गेला? महाराष्ट्र आणि तेव्हाचे म्हैसूर राज्य यांच्या सीमेसाठी ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. आयोग हवा ही मागणी महाराष्ट्राचीच होती. त्यासाठी सेनापती बापटांनी उपोषण केले होते. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. त्याने निपाणी, खानापूर हे भाग महाराष्ट्राला देऊ केले. पण बेळगाव म्हैसुरात ठेवले, आणि अक्कलकोट तालुका व जतमधील काही गावे म्हैसूरला देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. म्हैसूरने तो उचलून धरला. कच्छचा निवाडा आणि महाजन अहवाल, दोन्ही आले तेव्हा केंद्रात गृहखाते यशवंतराव चव्हाणांकडे होते. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या, कऱ्हाडात वाढलेल्या या नेत्याच्या काळात परदेशाशी असलेली सीमा ठरली आणि घरची अडून राहिली!

आमच्या मते या फरकाचे मूळ न्यायाधीशांच्या योग्यतेत नाही, आधी दिलेल्या शब्दात आहे. कच्छच्या करारातच निवाडा बंधनकारक राहील असे उभय पक्षांनी लिहून दिले होते. महाजन आयोगाचा अहवाल ही केवळ शिफारस होती. शिवाय खेडे हा घटक मानायचा की तालुका, भाषिक बहुसंख्या मोजायची की कारभाराची सोय, हे दोन्ही राज्यांनी आधी ठरवलेलेच नव्हते. माप न ठरवता धान्य मोजायला बसले तर भांडण टळणार कसे? उलट कृष्णेच्या पाण्याला १९५६ च्या कायद्याचा आधार होता. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० अब्ज घनफूट पाणी दिले. कुरकुर तिघांनीही केली, परंतु धरणे आणि कालवे त्याच आकड्यांच्या हिशेबाने बांधले गेले.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. पुढे अठरा वर्षांनी, दावा अनिर्णीत असतानाच, कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधील सुमारे चाळीस गावांवर हक्क सांगितला आणि त्यासाठी तेथील ग्रामस्थांच्या जुन्या ठरावाचा आधार घेतला. आमच्याकडे संताप झाला, तो स्वाभाविकच होता. परंतु तो ठराव पाण्यावाचून होरपळलेल्या माणसांचा होता, हे विसरून कसे चालेल? म्हैसाळचे पाणी जतच्या पूर्वेकडील गावांपर्यंत वेळेवर पोचले असते, तर तो ठराव लिहिला गेला नसता. शिवाय खेडे हा घटक आणि लोकेच्छा हे तत्त्व आपण बेळगावसाठी मागतो. तेच जतमध्ये कोणी पुढे केले तर आपण काय उत्तर देणार? तराजू दोन्हीकडे एकच हवा.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना एकत्र बसवले आणि न्यायालयाचा निकाल होईपर्यंत कोणी दावे करू नयेत असे ठरले. एवढ्याने भागणार नाही. दोन्ही राज्यांनी सीमा ठरवण्याची तत्त्वे आणि निकाल पाळण्याची हमी आताच लिहून द्यावी. पुढे संसदेला कायदा करावा लागला, तर त्याच्या आड येणार नाही, असेही वचन द्यावे. तोवर सीमेच्या दोन्ही अंगांच्या भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेतली शाळा आणि कागदपत्रे मिळालीच पाहिजेत. त्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. ज्या पाकिस्तानशी आपण लढलो, त्याला दिलेला शब्द आपण पाळला. तोच शब्द शेजारच्या भावाला देण्यास आपण का कचरावे?