प्रथिनाच्या कपाळी लिहिलेला पत्ता

हरितलवक उन्हाच्या जोरावर साखर बनवतं, तंतुकणिका तीच साखर जाळून पेशीला ऊर्जा देते. दोघांचेही पूर्वज एके काळी स्वतंत्र जगणारे जीवाणू. पेशीत वस्तीला आल्यावर त्यांची बहुतेक जनुकं केंद्रकाकडे गेली. हरितलवकाकडे आज साधारण ऐंशी-नव्वद प्रथिनांची जनुकं उरली आहेत. त्याला प्रथिनं लागतात मात्र दोन-तीन हजार. उरलेली सगळी बाहेर पेशीद्रवात घडतात आणि मग आत जातात.

ती वाट कशी शोधतात? 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात डॉबरस्टाइन, ब्लोबेल आणि चुआ यांनी एका हिरव्या शैवालातल्या रुबिस्कोचा छोटा घटक परीक्षानळीत घडवला. रुबिस्को म्हणजे हवेतला कार्बन पकडणारं प्रथिन. नळीतला घटक हरितलवकात सापडणाऱ्या घटकापेक्षा लांब निघाला. पुढच्या टोकाचा तो जादा भाग म्हणजे पाकिटावरचा पत्ताच. हरितलवकाच्या आवरणावरची प्रथिनं तो वाचतात, उलगडलेल्या अवस्थेत प्रथिन दोन पडद्यांमधून आत ओढलं जातं आणि आतलं एक विकर पत्ता कापून टाकतं. अशा संकेतांच्या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं.

तंतुकणिकेकडे जाणारी बरीच प्रथिनंही असाच पत्ता घेऊन येतात, मग एकीचं पत्र दुसऱ्याच्या दारात पडण्याची भीती. प्राण्यांच्या पेशीत हरितलवक नाही, त्यामुळे तिथे ही गल्लत संभवतच नाही. वनस्पतीत मात्र दोन्ही पत्ते पुढच्याच टोकाला असतात, दोन्हींत आम्लधर्मी अमिनो आम्लं फारच कमी. तंतुकणिकेच्या पत्त्याची बहुधा एका बाजूला धनप्रभार असलेली मळसूत्री गुंडाळी होते; हरितलवकाच्या पत्त्यात सेरीनची रेलचेल. फरक एवढाच, आणि तोही ढोबळ. काही प्रथिनं तर मुद्दामच दोन्हीकडे जातात. वाटाण्यातलं ग्लुटाथायोन रिडक्टेज एकाच पत्त्यावर दोन्ही ठिकाणी पोचतं, हे 1995 मध्ये दिसलं. मला यात ढिसाळपणापेक्षा काटकसर दिसते: एका जनुकात दोन घरांची सोय.

2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं सरकारी बंदी झुगारून जनुक बदललेली तणनाशक-सहनशील कपाशी पेरली, तेव्हा चर्चा झाली ती जनुकाची; पण पत्ता तिथेही लागतो. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीच्या ज्या विकराला अडवतं, त्याचं काम चालतं हरितलवकात. ग्लायफोसेटला दाद न देणारं विकर घेतलं जीवाणूकडून. जीवाणूत हरितलवकच नाही, मग पत्ता कुठून असणार? म्हणून अशा कपाशीत जीवाणूच्या जनुकापुढे वनस्पतीच्या जनुकातला पत्ता जोडतात. तो नसता, तर विकर पेशीद्रवातच राहिलं असतं. विकर हरितलवकात शिरलं, की तो तुकडा कापला जातो.