इंधनातील इथेनॉल आणि मोटारीचे ट्यूनिंग

मिश्रणाचा हिशेब व्यापाऱ्यास नवा नाही. दोन प्रतींचा गहू एकत्र केला असता सरासरी भाव काय पडेल, हे पेढीवरचा मुनीम तोंडी सांगतो. हाच हिशेब आता मोटारीच्या टाकीत येऊन बसला आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळण्याचा उपक्रम २००३ साली काही राज्यांत सुरू झाला. २०२२ साली हे प्रमाण सरासरी १० टक्क्यांवर गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर २० टक्के मिश्रण मिळू लागले आणि २०२५ साली तेच देशभर रूढ झाले. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातील उसाचा रस व मळी यांपासून निघणारा हा पदार्थ आपल्या परिचयाचा खरा. परंतु इंजिनात तो काय करतो, हे समजून घेणे प्रत्येक वाहनधारकाच्या हिताचे आहे.

शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू मुळातच असल्यामुळे त्यास सुमारे ९ पट हवा पुरते. याचाच दुसरा अर्थ असा की, तेवढ्याच हवेत इथेनॉल अधिक सोडावे लागते. ८५ टक्के इथेनॉलच्या मिश्रणास हवेचे प्रमाण ९.८ पट पडते. म्हणजे पेट्रोलच्या तुलनेने इंधन वजनाने दीडपट आणि मापाने सुमारे ४० टक्के जास्त द्यावे लागते. साहजिकच पंप व इंजेक्टर मोठे बसवावे लागतात. शिवाय एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर इथेनॉलमध्ये सुमारे २१. यास्तव २० टक्के मिश्रणाच्या लिटरमागे ऊर्जा सुमारे ७ टक्के कमी भरते.

मग शर्यतीच्या आणि अतिवेगवान मोटारींचे शौकीन या इंधनाच्या मागे का लागतात? कारणे दोन. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास आहे. त्यामुळे सिलिंडरमध्ये दाब वाढवला तरी ते वेळेपूर्वी भडकत नाही. दुसरे, वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक उष्णता शोषून घेते आणि आत येणारी हवा थंड करते. थंड हवा दाट असते. दाट हवेत अधिक इंधन जळते. स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीने २००७ साली सीसीएक्सआर ही मोटार काढली. साध्या पेट्रोलवर सुमारे ८०० अश्वशक्ती देणारे तिचे इंजिन ८५ टक्क्यांच्या इथेनॉल मिश्रणावर हजाराहून अधिक अश्वशक्ती देत असे.

परंतु हा लाभ प्रमाण ठाऊक असेल तरच पदरात पडतो. अमेरिकेत ८५ क्रमांकाने विकल्या जाणाऱ्या इंधनात इथेनॉल प्रत्यक्षात ५१ पासून ८३ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते. थंडीत इथेनॉलची वाफ सहज होत नाही व इंजिन सुरू होईना, म्हणून हिवाळ्यात पेट्रोलचा अंश वाढवतात. आता समजा, एखाद्याने ८० टक्क्यांसाठी ठिणगीचे टायमिंग पुढे घेतले आणि पंपावर ५५ टक्क्यांचा माल मिळाला. इंधन गरजेपेक्षा जास्त जाईल; त्यातच ऑक्टेन उतरल्याने इंजिन ठोके देऊ लागेल. उलट पेट्रोलसाठी लावलेल्या इंजिनात इथेनॉल भरले, तर इंधन कमी व हवा जास्त होऊन ज्वलन बिघडेल. धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर काही मर्यादेपर्यंत ही चूक सावरतो. पण पूर्ण जोरात धावताना इंजिनाचा संगणक बहुधा आधी भरलेल्या कोष्टकावरच चालतो. पिस्टन जळण्याचा प्रसंग नेमका याच वेळी ओढवतो.

टाकीतील उरलेले इंधनही हिशेबात धरावे लागते. २० टक्क्यांचे १० लिटर शिल्लक असता ८० टक्क्यांचे ३० लिटर भरले, तर ४० लिटरांत इथेनॉल २ अधिक २४, म्हणजे २६ लिटर. प्रमाण ६५ टक्के. हे गणित दर वेळी कोण मांडणार? म्हणून इंधनाच्या नळीत सेन्सर बसवतात. इथेनॉलचे विद्युत्-गुण पेट्रोलहून फार निराळे असल्याने त्याचे प्रमाण विजेने मोजता येते. प्रचलित सेन्सर शुद्ध पेट्रोलला सेकंदास ५० आणि शुद्ध इथेनॉलला १५० स्पंदने देतो. ७० स्पंदने म्हणजे २० टक्के. संगणकात पेट्रोलचे एक व इथेनॉलचे एक अशी दोन कोष्टके असतात. स्पंदनांनुसार त्यांचा मध्य काढून इंधन व टायमिंग ठरते.

सेन्सर नसल्यास काचेची मापनळी पुरते. १०० मिलिलिटरच्या नळीत १० पर्यंत पाणी, वर १०० पर्यंत पेट्रोल घालून, हलवून स्थिर ठेवावे. ही परीक्षा मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावी. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर १० वरून २८ वर गेला, तर ९० मध्ये १८, म्हणजे सुमारे २० टक्के. टाकीत पाणी शिरले असता हेच घडते. इथेनॉल पाण्यासह तळाशी बसते. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने इंधन साठवू नये आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या वेळच्या वेळी तपासाव्यात.

ब्राझीलमध्ये २००३ पासून कोणत्याही प्रमाणावर चालणाऱ्या मोटारी विकल्या जातात. तेथील ग्राहकाचा ठोकताळा साधा आहे: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते घ्यावे.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान व प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खोटे माप आणि बनावट मालाचा व्यवहार, हे दोन्ही सांगितले आहेत. मिश्रण हा दोष नव्हे. प्रमाण लपवणे हा दोष होय. सांगितलेल्या प्रमाणाचे इंधन इंजिनास बळ देते, न सांगितलेले त्याचा घात करते. विकणाऱ्याने प्रमाण सांगावे, घेणाऱ्याने ते विचारावे आणि मगच कारागिराने इंजिनास हात लावावा.